मधल्या चकत्यांतलं हाड

हाड गेलं.

पहिलं डोक्यात तेच आलं, की हाड गेलं आणि आता नोकरी पण गेली. मांडीवर बसलेल्या माझ्या पोरीने, आर्वीने, दोन्ही हात कीबोर्डवर थापटले, भाकरी थापतात तसे, आणि खुदकन हसली, आणि माझ्यासमोरचा स्क्रीन काळा. म्हणजे अगदी काळा नाही, राखेसारखा. आत्ता आत्तापर्यंत तिथे पांढरंशुभ्र हाड दिसत होतं, जाळीजाळीचं, छान फुललेलं, ज्याच्यावर आम्ही बायका कित्येक दिवस हिरवा रंग मारत होतो, ते नाहीच. हिरवा रंग तेवढा राहिलेला, राखेवर, आणि तो कशावर मारलाय तेच दिसेना.

मी मागे जायचं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं तर हिरव्याचा एक तुकडा पुसला गेला, तशी मी हातच काढून घेतला. आर्वीला मांडीवरून उतरवलं, टेबलाखाली बसवलं. बाजूच्या खुर्चीवरून हेमांगी वाकली.

"अगो, काय केलंस?"

"मी नाही. हिने."

"सेव्ह केलेलंस का?"

"माहीत नाही गं."

"माहीत नाही काय! उद्या मॅडम घेऊन जाणार ना हे? वाट लागली तुझी. आमची पण."

ऑफिसमध्ये मुलं आणायची नाहीत हे मला माहीत होतं, दारावरच लिहिलंय. पण आर्वीला माझी आई सांभाळते, देवनारला, आणि त्या दिवशी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, भाऊ तिला घेऊन गेलेला, सासूबाई गावाला, शेजारणीच्या घरी लग्न, आणि सुट्टी मागावी तर मी कच्ची. कच्ची म्हणजे ट्रायलवर. मालक जिग्नेशभाई आदल्या आठवड्यातच बोललेले, हे हाडाचं काम नीट गेलं की शीतल, तुला पक्की करतो. मग मी पोरीला घेऊन आले, म्हटलं झोपेल. पोरं अशा दिवशी झोपतात का?

आता मी काम काय करते ते सांगते, कारण आमच्या घाटकोपरच्या वस्तीत पण कोणाला ते कळत नाही. सासूबाई सांगतात सून कॉम्प्युटरवर चित्रं रंगवते. खोटं नाही ते.

अंधेरीला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा आहे, खाली खोके बनवतात, वर आम्ही. मी दहावी दोनदा नापास, दोन्ही वेळा गणितात, नंतर घरी बसून खोट्या दागिन्यांत खडे बसवायचे. तिथे नजर बारीक झाली, म्हणून इथे घेतलं. आधी रस्त्याचे फोटो असायचे, रिक्षाभोवती चौकोन काढ, सिग्नलभोवती काढ, माणसाभोवती काढ. मग जिग्नेशभाईंनी सायन्सवाल्यांचं काम आणलं आणि आमचं डोकं फिरलं.

एक मोठ्ठं गोल मशीन असतं, मैदानाएवढं. सिंक्रोट्रॉन त्याचं नाव, मला बोलायला शिकायलाच वेळ लागला. त्यात विजेचे कण इतक्या जोरात पळवतात की वळणावर त्यांच्यातून उजेड फुटतो. दवाखान्यातल्या एक्सरेसारखाच, पण त्याच्यापेक्षा कितीतरी धारदार. त्याच्यासमोर वस्तू ठेवायची, मिरीच्या दाण्याएवढी, आणि ती हळूहळू फिरवत फोटो काढायचे, हजारो. मग कॉम्प्युटर ते सगळे जुळवतो आणि त्या दाण्याच्या चकत्या करून देतो, आपण काकडीच्या करतो तशा, फक्त सुरी न लावता. दाणा आहे तसाच, आणि त्याच्या पोटातलं सगळं आपल्याला दिसतं.

पण दिसतं म्हणजे राखाडी दिसतं. हे राखाडी हाड, ते राखाडी प्लास्टिक, हे नुसती हवा, ते कॉम्प्युटरला कळत नाही. मग आमचं सॉफ्टवेअर. त्यात खिडक्या असतात, वरून बघायची, समोरून बघायची, बाजूने बघायची, आणि एका खिडकीत आपण रंगवलेलं तेवढं गोल गोल फिरतं. बाजूला ब्रश, खोडरबर. सगळं इंग्रजीत, पण चित्रं असतात, चित्रांवरून शिकले. आम्ही थोड्या चकत्या रंगवून दिल्या की त्या बघून मशीन शिकतं आणि बाकीच्या आपलं आपण रंगवतं, मग त्याच्या चुका आम्ही काढायच्या. पोराला गिरवायला शिकवतो ना तसं. फरक एवढाच की पोर चुकीचं शिकवलं तर निदान रडतं, मशीन रडत नाही, चुकीचं पण आनंदाने शिकतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एक प्रोफेसर होते, ज्वारीची मुळं मातीत कशी पसरतात ते बघायचे, त्यांनी फक्त एका गोष्टीसाठी फोन केला, मुळं गुलाबी का केली, मुळं काय गुलाबी असतात का? मग पिवळी केली, तर बोलले हां, आता शेती वाटते. आणि एकदा एक पांढरा गोळा आला, काय ते सांगितलं नव्हतं, नुसतं म्हटलेलं कडेकडेने रेघा काढा. हेमांगी वेसाव्याची कोळीण, तिने बघताक्षणी छाती ठोकून सांगितलं, हा घोळ माशाच्या कानातला खडा, आमच्या घरी ढीगभर निघतात, मी डोळे मिटून ओळखीन. दोन दिवस सगळ्या ऑफिसला तिने माशांवर भाषण दिलं, घोळ कुठे मिळतो, कसा कापतात, कालवणात काय घालतात. मग गिऱ्हाइकाचं पत्र आलं, तो डुकराचा दात होता. अजून आम्ही तिला विचारतो, हेमांगी, आज दाताचं कालवण का? ती शिव्या घालते.

तर हाड. हे काम ऋता मॅडमचं. मॅडम पार्ल्याला राहतात, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठ्या असतील, चष्मा, पाठीवर सॅक, बघून कॉलेजची मुलगीच वाटते. काही बाळांना जन्मतःच टाळूला भेग असते, वरच्या हिरडीच्या हाडात फट. ती बुजवायला पोर जरा मोठं झालं की त्याच्या कमरेचं हाड काढून तिथे बसवतात, म्हणजे पोराला दोन दोन ठिकाणी कापायचं. मॅडम एक जाळी बनवतायत, विरघळणाऱ्या प्लास्टिकची. ती फटीत ठेवायची, पोराचंच हाड तिच्या भोकाभोकांतून आत वाढत जाणार आणि जाळी विरघळून जाणार. आधी सशावर करून बघितलं. त्या सशाच्या हाडातला जाळीचा एवढासा तुकडा मशीनखाली ठेवून त्याच्या चकत्या आमच्याकडे आलेल्या. ते मशीन काही मागाल तेव्हा मिळत नाही, अर्ज करायचा, नंबर लागायची वाट बघायची. आम्ही काय करायचं, तर नवीन हाड कुठपर्यंत पोचलं ते हिरवं करायचं.

आणि हाड पोचलेलं! वरच्या चकत्यांत हाड, खालच्या चकत्यांत हाड, मधल्या चकत्यांत तर इतकं सुंदर, की मीच पहिल्यांदा हेमांगीला हाक मारलेली, बघ गं कसं फुललंय. मॅडमना पाठवलं तर त्या फोनवर आनंदाने ओरडल्याच. उद्या त्या मोठ्या डॉक्टरांपुढे ते दाखवणार होत्या.

आणि माझ्या पोरीने ते घालवलं.

मी सगळी बटणं आठवायला लागले. एक बटण ऑटोचं. ते आम्हाला पहिल्या दिवशीच लावून दिलेलं, कारण सायन्सवाल्यांचे फोटो इतके मिणमिणते असतात की डोळे फुटतात, ऑटो लावलं की प्रत्येक चकती आपोआप उजळून समोर येते. आम्ही ते कधी बंदच केलं नव्हतं. मी ते दाबलं.

हाड आलं.

मी एवढा मोठा श्वास सोडला की आर्वीने टेबलाखालून वर बघितलं. परत दाबलं, गेलं. दाबलं, आलं. हेमांगी बोलली, "झालं ना मग? देव पावला. पोरीला तोंडबिंड धुवून आण." पण मला काय झालं काय माहीत, मी वरच्या चकत्यांवर गेले आणि तिथे बंद केलं. तिथे हाड नाही गेलं! मंद झालं, पण होतं, जागच्या जागी. खालच्या चकत्यांत पण होतं. मधल्या चकत्यांतच गायब.

मी मोबाईल घेऊन पॅसेजमध्ये गेले, नवऱ्याला लावला. महेश गोरेगावला स्टुडिओत लाइटमन आहे.

"काय गं, शॉट लागलाय, पटकन बोल."

मी सांगितलं, आर्वीने असं असं केलं, बटण दाबलं की दिसतं, बंद केलं की नाही, तर खरं कुठलं?

"पण आलं ना परत?"

"आलं रे, पण खरं कुठलं?"

"खरं काय असतं त्यात, येडी का तू? आमच्याकडे बघ, प्लायवूडची भिंत असते, लाइट मारली की राजवाडा. बंद केली की प्लायवूड. तुला पगार राजवाड्याचा मिळतो ना? मग लाव लाइट आणि घरी ये. आणि पोरीला कोणी बघायच्या आत बाहेर काढ."

ठेवला त्याने फोन. तो मला धीर द्यायला बोलला, पण माझ्या डोक्यात तेवढा एकच शब्द राहिला. प्लायवूड.

परत आले. स्क्रीनच्या खाली कोपऱ्यात एक आकडा असतो, माऊस जिथे नेऊ तिथला, तो ठिपका मुळात किती उजळ आहे ते दाखवतो. आकडे बघितले की मला गणिताचा पेपर आठवतो, मी तिकडे बघायचेच नाही. त्या दिवशी बघितला. वरच्या चकतीत हाडावर नेला, आकडा मोठा. ऑटो लावलं, काढलं, आकडा तोच. मग मधल्या चकतीत नेला, त्या सुंदर फुललेल्या हाडावर. आकडा एवढासा. वरच्या चकतीतल्या प्लास्टिकच्या जाळीवर येतो तेवढाच.

"हेमांगी, हे हाड नाहीये गं. ही जाळीच आहे."

ती उठून आली. तिने स्वतः माऊस फिरवला, बराच वेळ. "म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून प्लास्टिकला हाड बनवलं?"

"ऑटोने बनवलं. आपण रंगवलं."

तेवढ्यात मागे जिग्नेशभाई. कधी आले कळलंच नाही, आणि आर्वी टेबलाखालून त्यांच्या बुटाची नाडी ओढतेय. त्यांनी खाली बघितलं, मग माझ्याकडे.

"हे काय आहे?"

"भाई, आईचं ऑपरेशन..."

"मी ह्याच्याबद्दल विचारतो," स्क्रीनकडे बोट, "पोरीचं नंतर बोलू."

मी सांगितलं. जमेल तसं सांगितलं, अर्धं हिंदीत. जिग्नेशभाई वाईट माणूस नाही. दिवाळीला मिठाई स्वतः आणून हातात देतात, कोणाचं पोर आजारी असलं तर ओरडत ओरडत का होईना सोडतात. त्यांनी सगळं ऐकलं, डोकं खाजवलं.

"देख शीतल, बेन, तू दहावी पास आहेस?"

"नाही."

"मी बी.कॉम. आहे. मॅडम डॉक्टर आहेत. मॅडमनी बघितलं, ओके बोलल्या, खूश झाल्या. आपण रंगवणारे. आपण त्यांच्यापेक्षा शहाणे का व्हायचं? ते बटण दाब, होतं तसं कर, उद्या त्यांना देऊन टाक. काय असेल ते त्या बघतील. तुझी पक्कीची ऑर्डर काढायची आहे मला महिनाअखेरीला. पोरीला मी बघितलंच नाही, जा."

म्हणजे सगळं माफ. एक बटण.

आणि भाई चुकीचं बोलले असं पण मला वाटत नव्हतं. मी कोण? मला ते इंग्रजी पण येत नाही. बोट बटणावर ठेवलं. खरंच ठेवलं. आणि मला काय आठवलं, तर आर्वी झाली तेव्हा नर्सने तिला माझ्याकडे द्यायच्या आधी तिच्या तोंडात बोट घातलेलं, आत फिरवलेलं, आणि बोललेली, टाळू ठीक आहे. मी तेव्हा कळांनी अर्धी मेलेली, मला वाटलं, असेल काहीतरी हॉस्पिटलचं. ऋता मॅडमनी फटीचं सांगितलं तेव्हा कळलं की ती काय बघत होती. कुठल्यातरी बाईला ती नर्स ठीक नाही बोलणार. मग त्या पोराच्या तोंडात ही जाळी, आणि डॉक्टर सांगणार काळजी नको, मधोमध हाड भरतं, आम्ही बघितलंय.

आम्ही गिऱ्हाइकांशी परस्पर बोलायचं नाही हा पण एक नियम. मी जिग्नेशभाईंच्या समोरच मॅडमना फोन लावला. हेमांगी उठून माझ्या बाजूला उभी राहिली. भाईंनी हात जोडले वर छताकडे.

मी बोलले, मॅडम, मधलं हाड नाहीये.

त्यांनी विचारलं, कुठल्या चकतीपासून कुठल्या चकतीपर्यंत. मग त्या बोलल्या, "काही दाबू नका. आहे तसं ठेवा. मी येते."

रिक्षाने आल्या, केस विस्कटलेले. माझ्या खुर्चीत बसल्या. वर, खाली, मध्ये, आकडा, ऑटो, परत आकडा. मी मागे उभी, आर्वी कडेवर, आता लपवायचं काय. मॅडमनी चष्मा काढला, डोळे चोळले, आणि मला वाटलं रडतील, पण त्या समजावायलाच लागल्या, मला की स्वतःला ते माहीत नाही.

"हे ऑटो प्रत्येक चकती वेगळी घेतं, शीतल. त्या चकतीत जे सगळ्यात उजळ असेल, त्याला पांढरं करतं. हाड असेल तर हाड पांढरं. हाड नसेलच, तर जाळी पांढरी."

"म्हणजे वर्गात हुशार कोणीच नसलं तरी पहिला नंबर कोणालातरी द्यायचाच."

त्या हसल्या. एवढ्या सगळ्यात पण हसल्या. "तस्संच. आणि मीही ऑटो लावूनच बघत होते गं. मला जे हवं होतं ते दिसत होतं, मग कशाला बंद करीन?"

जिग्नेशभाई मागून बोलले, "मॅडम, आमची पोरगी जरा..." आणि वाक्य अर्धंच टाकून चहा सांगायला गेले.

मग आम्ही बसलो. हेमांगी, मी, मॅडम स्वतः. सगळ्या चकत्यांना एकच उजेड ठरवून दिला, कमी नाही जास्त नाही, आणि मधल्या चकत्यांवरचा हिरवा रंग खोडायला घेतला. आपणच मारलेला रंग आपणच पुसायचा, किती जड जातं, बाईने मन लावून काढलेली रांगोळी स्वतः झाडावी तसं. आर्वी मॅडमच्या सॅकवर डोकं ठेवून झोपली, जेव्हा झोपायला पाहिजे होती तेव्हा नाही.

आणि सगळं पुसून झाल्यावर फिरणाऱ्या खिडकीत काय राहिलं, तर वरून एक हिरवा गुच्छ आत येतोय आणि खालून एक. मध्ये मोकळं. मॅडम ते फिरवत राहिल्या.

"दोन्हीकडून येतंय," मी म्हटलं.

"हो. पोचलेलं नाही."

"पण चालतंय ना मॅडम. चालायला लागलंय."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "चालतंय," बोलल्या. "आणि हे खरं चालतंय."

डॉक्टरांपुढे त्यांनी तेच नेलं. तिथे काय झालं ते त्यांनी नंतर फोनवर सांगितलं, पहिल्यांदा सगळ्यांची तोंडं पडली, मग एका म्हाताऱ्या सर्जननेच विचारलं, मध्ये थांबलं तर का थांबलं, भोकं लहान पडतायत का? मग मॅडमनी मोठ्या भोकांची जाळी केली, परत ससा, परत अर्ज, परत वाट बघणं. त्या नव्या तुकड्याच्या चकत्या आता माझ्या टेबलावर आहेत. ऑटो नाही लावत. सगळं मिणमिणतं, राखाडी, डोळे दुखतात, काम हळू होतं, आणि जिग्नेशभाई येताजाता उसासा टाकतात. पण काल, मागच्या वेळी हाड जिथे थांबलेलं, त्याच्या पुढच्या चकत्यांत एक पांढरट फांदी दिसली. आकडा बघितला. हेमांगीला पण बघायला लावला, आणि ती आता एकदम बोलत नाही, आधी बघते. हाडच आहे.

माझी ऑर्डर अजून निघाली नाही. त्या महिन्यात भाई बोलले, आधीचं काम पुन्हा फुकटात करावं लागलं, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात पण बघू. कामावरून काढलं नाही, हे पण खरं. हाडाचं काम आलं की मलाच देतात. रोज जिना चढताना वाटतं, आज बोलावतील, आणि बोलावून काय सांगतील.

घरी यावर अजून भांडण आहे. महेश म्हणतो, "बटण दाबलं असतंस तर आज पक्की असतीस, आणि मॅडमना आज नाही तर उद्या कळलंच असतं, त्या शिकलेल्या आहेत." आई म्हणते बरं केलंस, पण ती आई आहे, तिचं काय धरायचं. हेमांगीचं तिसरंच, ती म्हणते आधी ऑर्डर हातात घ्यायची, मग मॅडमना हळूच सांगायचं, दोन्ही राहिलं असतं. ती बोलते तेव्हा मला ते पण पटतं. मग आठवतं की दुसऱ्या दिवशी मॅडम ते घेऊन डॉक्टरांपुढे उभ्या राहणार होत्या, आणि मग नाही पटत.

हा अंक काढणाऱ्या ताईंनी सांगितलं, कामाचं लिही, बोलतेस तसं लिही, म्हणून लिहिलं. तुम्ही शिकलेले लोक वाचणार, नोकऱ्या केलेले, काही जणांची पेन्शन पण चालू असेल. मालक मागे उभा आहे, आणि तो चांगला माणूस आहे. पोर नियम मोडून आणलेलं आहे. समोर जे दिसतंय ते सगळ्यांना आवडलंय, ज्यांना कळतं त्यांना पण. आणि तुमचं बोट बटणावर आहे. खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?